चौघींची पुसलेली गाणी

त्या चौघींचे व्हिडिओ मीच पुसले. चॅनल हॅक झालं, कोणीतरी पासवर्ड चोरला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. बायकोला सांगितलं, बहिणीला सांगितलं, त्या पोरींना सांगितलं आणि पोलिसांपुढेही तेच राहू दिलं. तसं काही झालं नव्हतं. एका दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून मी एकेक गाणं निवडलं आणि काढून टाकलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कुठेतरी मांडतो आहे.

धुळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग हा धंदा. मला फार बोलता येत नाही, आणि कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की बोलावं लागत नाही, म्हणून हा धंदा मला मानवला. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची मुलगी आणि तिच्या कॉलेजातल्या तीन मैत्रिणी, अशा त्या चौघी. भाची मामा म्हणायची म्हणून बाकीच्याही मला मामाच म्हणायला लागल्या. अहिराणी गाणी म्हणायच्या आणि त्यावर नाचायच्या. आमच्या खानदेशात अहिराणी गाण्यांच्या चॅनलांना तोटा नाही, पण तिथे लिहिणारा पुरुष, गाणारा पुरुष, आणि बाई फक्त नाचायला. ह्यांचं तसं नव्हतं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा. खरं तर चौघींतल्या एकीचा. साक्रीच्या पुढे डोंगराकडे तिचं गाव. गाणी तीच लिहायची, पुढचा आवाज तिचाच, बाकीच्या तिघी मागून साथ द्यायच्या. नाव घेणार नाही. तिला नुसतं गाणारी म्हणतो.

आज तिची ती गाणी दुसऱ्याच्या नावावर आहेत. ती तिचीच आहेत हे दाखवायला एकच गोष्ट होती, आणि ती मी पुसली.

चॅनल माझ्या नंबरावर उघडलं होतं. पोरींचे नंबर बाहेर जायला नकोत, उगाच कोणी फोन करत बसेल, असं अक्काच म्हणाली होती. ते बरोबरच होतं. त्यामुळे कुलूप माझं आणि किल्लीही माझ्याकडेच. पोरींना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मामाकडे आहे म्हणजे घरात आहे, असं त्या धरून चालल्या.

पहिला व्हिडिओ अक्काच्या गच्चीवर काढला. उन्हाळा होता आणि गच्चीभर कुरडया वाळत घातलेल्या. अक्काने दारातच बजावलं, नाचायचं तेवढं नाचा, पण एका कुरडईला पाय लागला तर चौघींना पुन्हा कुरडयांचा चीक हाटायला बसवेन. म्हणून त्या गाण्यात चौघी एका अरुंद पट्टीत नाचतात. पुढे नाही, मागे नाही, नुसत्या डावीकडून उजवीकडे सरकतात. गाणं साक्रीच्या बाजाराला निघालेल्या एका बाईचं होतं. एसटी तिला पाहून थांबत नाही आणि ती ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची चौकशी करते. खाली लोकांनी लिहिलं, स्टेप एकदम नवीन आहे. पोरी हसून हसून लोळल्या. पुढे तीच त्यांची ओळख झाली; मोकळं मैदान असलं तरी त्या पट्टीतच सरकायच्या. त्या पहिल्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट होती, जी मलाच दिसायची. प्रत्येक कडव्यानंतर चौघी क्षणभर कॅमेऱ्याच्या वर बघतात. तिथे मी होतो. बरं झालं का, असं विचारायच्या नजरेनं.

दुसरा सावद्याकडे, केळीच्या बागेत. बागवाल्याच्या मुलाचं लग्न मी शूट केलं होतं, त्या ओळखीवर. बागवाल्याने बांधावर खुर्ची टाकली आणि दिवसभर घडांवर नजर ठेवून बसला. दर थोड्या वेळाने म्हणायचा, पोरींनो, गाण्यात जीव द्या, पण खोडाला टेकू नका. टेकायचं नाही हे त्या बागेसाठी नव्हतं, कपड्यांसाठी होतं, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. केळीच्या चिकाचा डाग आधी दिसत नाही. वाळला की काळा पडतो आणि मग जन्मात निघत नाही. गाणारीने वहिनीची पिवळी साडी न सांगता आणली होती. पाठीवर हातभर डाग.

आम्हाला वाटलं आता हिचं येणं बंद होणार. ती आठवड्याने आली ती गाणं घेऊनच. वहिनीच्या आधी उठून, डाग धुवायला विहिरीवर गेलेली नणंद. साबण संपतो, हात दुखतात, डाग म्हणतो मी इथेच बसलोय. मी इतकं हसलो की ती म्हणाली, मामा हसतात म्हणजे गाणं चाललं. तिसरा व्हिडिओ त्याचा. तिच्याच गावच्या विहिरीवर काढला. तिची आई जवळच शेंगा निवडत बसली होती. तिला म्हटलं, ताई, जरा इकडे बघा. तिने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, फक्त पाठ फिरवून बसली आणि काम करत राहिली. ती पाठ मी व्हिडिओत ठेवली. मला तो व्हिडिओ त्या सगळ्यांत आवडायचा. त्यात चुका पुष्कळ होत्या. लग्नाच्या शूटिंगची सवय म्हणून मी सारखा चेहऱ्यावर झूम करायचो, आणि पदर उडाला की तो हळू हळू उडत राहिलाच पाहिजे असं मला वाटायचं. भाची म्हणायची, मामा, आम्ही नवऱ्या नाही हो, आम्हाला जरा पटपट हलू द्या.

मग हळदीचं गाणं आलं आणि सगळं बदललं. ते आम्ही पाचोऱ्याकडच्या एका खऱ्या हळदीत काढलं. तिथलं शूटिंग मलाच होतं. यजमानांना विचारून पोरींना त्या गर्दीत सोडलं. नवऱ्या मुलाच्या आत्यापासून वाजंत्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांच्यामागे डावीकडून उजवीकडे सरकायला लागले. त्या लग्नसराईत ते गाणं प्रत्येक वरातीत वाजलं. मी कॅमेरा घेऊन ज्या लग्नाला जाईन तिथे डीजेवर गाणारीचा आवाज. अनोळखी गावात, अनोळखी लोक ह्या पोरींच्या गाण्यावर घामाघूम होऊन नाचायचे, आणि मी गप्प शूटिंग करायचो. हे माझ्या घरचं आहे, असं एकदाही कोणाला सांगितलं नाही. का नाही, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारलं नाही. लाज वाटत होती. अभिमानही वाटत होता, पण लाज त्याच्यापुढे उभी होती.

शेवटचा व्हिडिओ पांझरेच्या कोरड्या पात्रात काढला. संथ गाणं. चौघींपैकी कोण कुठे जाईल, कोणाला कोणतं गाव मिळेल, असं काहीसं. तोवर भाचीसाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं आणि पोरींना ते ठाऊक होतं. त्यात कोणी सरकत नाही. गाणारी मधोमध दगडावर बसलेली आणि तिघी तिच्याकडे पाठ करून चालत दूर जातात. मी ड्रोन भाड्याने आणला होता. वरून त्या चार ठिपक्यांएवढ्या झाल्या. एडिटिंग करताना माझ्या लक्षात आलं, त्या पूर्ण गाण्यात एकीनेही कॅमेऱ्याच्या वर बघितलेलं नाही. त्यांना आता माझं मत नको होतं. मला ते लागलं. आणि पुढे मी जे केलं त्यात ह्या लागण्याचा काहीच वाटा नव्हता, असं मी शपथेवर म्हणू शकणार नाही.

दाजी गेल्यापासून अक्काच्या घरचं मोठं माणूस मीच. स्थळ पाचोऱ्याकडचं आलं. मुलगा जळगावला नोकरीला, शेती, घर, सगळं सरळ. बघायला आले, पोहे झाले, जेवण झालं, माणसं बोलायला साधी. गाण्यांचा विषय कोणी काढला नाही. मी मात्र पूर्ण वेळ त्याचीच वाट बघत होतो. आता काढतील, आता काढतील. निघताना मुलाच्या वडिलांना गाडीपर्यंत सोडायला मी एकटाच गेलो आणि कोणी काही विचारलेलं नसताना म्हणालो, "भाऊ, ते नाचगाण्याचं मनात आणू नका. सुपारी फुटायच्या आत ते सगळं काढून टाकू आम्ही."

त्यांनी गाडीचं दार धरलं होतं. म्हणाले, "पहा. तुमचं तुम्ही पहा."

बस्स, एवढंच.

जे कधी मुलीकडून मांडवात उभे राहिले नाहीत त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडे मुलीकडचा माणूस मागण्याची वाट बघत नाही. समोरच्याच्या मनात काय असेल ते स्वतःच ओळखतो, आणि त्याने तोंड उघडायच्या आत देऊन टाकतो. मग मागितलंच नाही म्हणून दोन्हीकडची इभ्रत राहते. चांगल्या खुर्च्या तिकडे, पहिली पंगत तिकडे, जेवण गार झालं तर चूक आपली. किती लग्नांत मी हे कॅमेऱ्यातून पाहिलं असेल. वाकलेली माणसं फ्रेममध्ये घ्यायची माझ्या हाताला सवय आहे. माझी पाळी आली तेव्हा मीही वाकलो, आणि देण्यासारखं माझं स्वतःचं काही नव्हतं म्हणून पोरींचं दिलं.

भाचीला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. बाकीच्या तिघींना विचारायचं तर डोक्यातही आलं नाही. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त जड जातंय. चार जणींचं होतं, आणि मी ते एकीच्या लग्नात आहेर केल्यासारखं देऊन टाकलं.

पुसणं अवघड नव्हतं. प्रत्येक गाण्याला चॅनल विचारायचं, हे कायमचं जाईल, तुम्हाला समजलं आहे का. तिथे खूण करावी लागते. मी प्रत्येक वेळी खूण केली. विहिरीच्या गाण्याशी थोडा थांबलो होतो. ती पाठ बघितली. मग तिथेही खूण केली.

लोक विचारतील, मूळ शूटिंग कुठे गेलं. आमच्या धंद्यात मूळ शूटिंग टिकत नाही. सराई आली की हार्ड डिस्क रिकाम्या करायच्या आणि पुढचं लग्न त्यात भरायचं, ही आमची रीत. लग्नवाल्या पार्टीला एकदा पेन ड्राइव्ह दिला की आपलं काम संपलं. पोरींचे व्हिडिओ चॅनलवर आहेत म्हणून मी त्यांच्यावरून कधीच लग्नं चढवली होती. पोरींनीही कधी काही उतरवून घेतलं नाही, लागलं की चॅनल उघडून बघायच्या. त्या दुपारनंतर ते कुठेच नव्हते.

संध्याकाळी पहिला फोन भाचीचाच आला. मी म्हणालो, हो ना, मलाही आत्ताच दिसलं, कोणीतरी हॅक केलं वाटतं. शब्द तोंडातून असे निघाले की जणू आधीच ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी चौघी स्टुडिओत. दोघी रडत होत्या, भाची माझ्या कॉम्प्युटरवर काहीबाही दाबून बघत होती. गाणारी दाराशी उभी होती. गावाकडे ती जशी बोलते तशीच माझ्याशीही अहिराणीत बोलायची.

"बठ्ठं गयं, मामा?"

सगळं गेलं का, म्हणून विचारत होती. मी मान हलवली.

"कोनी कयं व्हई हाई?"

कोणी केलं असेल हे. तिने ते माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, आणि त्यात संशय नावाला नव्हता. एवढा विश्वास अंगावर आला की माणसाला पळून जावंसं वाटतं. मी म्हणालो, आजकाल काय, कोणीही बसल्या जागी करतं.

तक्रार द्यायचं तिनेच काढलं. मी टाळून पाहिलं, पण चौघी तयार होऊन आल्या, आणि मोठं माणूस म्हणून मी सोबत गेलो. पोलीस ठाण्यातल्या बाकावर मी तिच्या शेजारी बसलो होतो. ती सांगत होती, अज्ञात इसमाने आमची गाणी नष्ट केली. हवालदाराने विचारलं, कोणावर संशय. ती म्हणाली, आमचं कोणाशी वाकडं नाही साहेब. मग त्याने माझ्याकडे बघितलं, तुम्हाला काही सांगायचंय का. मी नाही म्हणालो. पुढे त्या तक्रारीचं काही झालं नाही. व्हायचं काय होतं.

लग्न झालं. चांगलं झालं. मामा म्हणून भाचीला मी मांडवात नेलं, त्या दिवशी कॅमेरा दुसऱ्याकडे होता. वरात निघाली तेव्हा व्याही, म्हणजे मुलाचे वडील, डीजेवाल्याशी काहीतरी बोलताना दिसले आणि हळदीचं गाणं सुरू झालं. त्यांच्याकडची सगळी माणसं नाचत होती. ते माझ्याजवळ आले, कानाशी वाकून म्हणाले, "मामा, ह्याचा व्हिडिओ दिसत नाही हो आता. आमच्या पोरानं घरभर दाखवला होता. तो बघूनच तर आम्ही आलो तुमच्याकडे."

मी म्हणालो, "मी तुम्हाला म्हणालो होतो ना, गाडीपाशी."

"म्हणाले होते. मला वाटलं तुमच्याच मनात असेल. मुलीकडचं माणूस स्वतःहून सांगतंय म्हटल्यावर आपण कसं नको म्हणायचं?" मग म्हणाले, "पण ते चोरीला गेलं म्हणतात ना?"

"हो," मी म्हणालो. "चोरीलाच गेलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढे विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही. सणावाराला भेटतो, ते मला पहिला पाट देतात, आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघत नाही.

पुढच्याच सराईत जळगावजवळ एका लग्नात मोठा स्क्रीन लावला होता. त्यावर हळदीचं गाणं लागलं. शब्द तेच, चाल तीच, आवाज दुसऱ्या कोणाचा तरी, गोड केलेला. नाचणाऱ्या पोरी दुसऱ्याच, झगमगीत कपड्यांत, एका मोठ्या लॉनवर. आणि एवढ्या मोठ्या लॉनवर त्या एका अरुंद पट्टीत डावीकडून उजवीकडे सरकत होत्या. का सरकतात, ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. गीतकार म्हणून कोणा पुरुषाचं नाव खाली येत होतं. मी कॅमेरा खाली ठेवला. नवरीचा भाऊ येऊन म्हणाला, मामा, शूटिंग करताय की जेवायला बसलात. मी पुन्हा उचलला.

साडीचं गाणंही त्याच चॅनलवाल्यांनी घेतलं होतं, एसटीचंही.

गाणारी तोवर साक्रीत कापडाच्या दुकानात कामाला लागलेली. तिने ही नवी गाणी पाहिली आणि तिला वाटलं भांडण्यापेक्षा आपली गाणी आपणच पुन्हा म्हणावीत. मोबाईलवर एकटीनेच म्हणून तिने हळदीचं गाणं नव्या चॅनलवर चढवलं. ज्या कंपनीच्या साइटवर ही चॅनलं चालतात तिने ते खाली उतरवलं. कारण दिलं की हे दुसऱ्याचं आहे, त्यांचं आधीपासून इथे आहे, तुम्ही नक्कल केली. तिची स्वतःची गाणी म्हणायला तिला बंदी झाली. ती माझ्याकडे आली तेव्हा ओरडली नाही. मोबाईल माझ्यापुढे धरला आणि मी वाचून होईपर्यंत धरून ठेवला.

त्यानंतर मी शोधायला लागलो. सांगण्यासारखं काही नाही त्यात. मोबाईलची दुकानं पालथी घातली, जिथे लोक पूर्वी मेमरी कार्ड भरून घ्यायचे. पाचोऱ्याला स्टँडसमोर, जळगावला, साक्रीच्या बाजारात. पोरगेलेसे दुकानदार म्हणायचे, काका, आता कार्ड कोण भरतं, सगळं नेटवर आहे. जुन्या डीजेवाल्यांकडे गेलो. त्यांच्याकडे गाणं मिळालं, पण नुसता आवाज, आणि त्यात त्यांच्याच नावाचा पुकारा मधून मधून भरलेला. ज्यांच्या हळदीत शूटिंग झालं होतं त्यांच्याकडे गेलो. पेन ड्राइव्ह होता, त्यावर नातवाची कार्टून होती. शेवटी एका बाईच्या मोबाईलवर हळदीच्या गाण्याचा तुकडा सापडला, दुसऱ्या मोबाईलच्या स्क्रीनवरून काढलेला. कडेला कोणाचा तरी अंगठा. चौघी दिसतात, आवाज फाटलेला. मी तो लगेच गाणारीला पाठवला. तिने फोन करून विचारलं, मामा, ह्यानी काय व्हई? ह्याने काय होणार. कधीचा आहे हे त्यावरून कळत नव्हतं. मी म्हणालो, राहू दे आठवण म्हणून. तिने फोन ठेवला.

धुळ्याच्या कोर्टात एक ओळखीचे वकील आहेत. त्यांच्याकडे तिला मीच नेलं, काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, मार्ग आहे, लांबचा आहे पण आहे. पहिलं चॅनल ज्याच्या नंबरावर होतं त्याने प्रतिज्ञापत्र द्यायचं. गाणी कोणाची, कोणी शूट केली, आधी कुठे चढवली, आणि तिथून ती कशी गेली. कंपनीकडे सगळ्याची नोंद असते, त्याच्याशी ते ताडून बघतील. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुम्हीच. एकच सांगतो मामा, ती कशी गेली ते अगदी जसं झालं तसं लिहा. तिथे एक शब्द खोटा निघाला तर बाकीचं खरंही वाया जातं."

गाणारीचा चेहरा उजळला. तिला वाटलं काम झालं, कारण माझ्याकडे तर सगळं खरंच होतं. परत येताना ती रिक्षात बोलत होती, किती दिवसांनी बोलत होती. मी बाहेर बघत होतो. मग मी एकदा म्हणालो लग्नसराई होऊ दे, एकदा म्हणालो तब्येत बरी नाही. वकिलांचा फोन आला तर घेतला नाही. ती मला आठवण करायची, मग कमी करायला लागली.

भीती कशाची, तर सगळ्याची. पोलिसांची, कारण तक्रार माझ्या खोट्यावर उभी आहे. अक्काची, जी मला अजून भाऊबीजेला ओवाळते. आणि भाचीची. तिला कळलं की हे तिच्या लग्नापायी झालं, तर मैत्रिणीचं नुकसान ती स्वतःच्या संसारावर लिहून घेईल. तिने काही केलेलं नाही. तिच्या सासरच्यांनी काही मागितलेलं नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते कारण आहे की सबब, मलाच कळत नाही.

गेल्या आठवड्यात गाणारी स्टुडिओत आली. दिवसाची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तिने सांगितलं की त्या दुसऱ्या चॅनलवाल्यांनी बोलावलं आहे. ही गाणी तिच्या आवाजात पुन्हा काढायची म्हणतात, नवे व्हिडिओ, कपडे, सगळं. तिने फक्त लिहून द्यायचं की शब्द आणि चाल त्यांची आहे. दिवाळीच्या आत कळवायचं. हे ती साडीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

"मनं नाव नही ऱ्हाई त्यावर," ती म्हणाली. "पन गानं म्हनाले ते भेटी."

नाव राहणार नाही, पण गाणं म्हणायला तरी मिळेल. मी भाचीच्या लेकीचे फोटो चाळत बसलो.

"तुम्ही वकीलकडे येशात का, मामा? नही ते सांगा. मी त्यासले हो म्हनस."

येणार असाल तर सांगा, नाहीतर मी त्यांना हो म्हणते. तिला माझ्यावर राग नव्हता. तिला वाटत होतं, वय झालंय, कोर्टाच्या पायऱ्या नको वाटत असतील. उलट तीच मला सोडवत होती. तेव्हा सांगायचं होतं. जीभ उचलली होती. मी म्हणालो, "तुले पटी तसं कर."

ती उठली, ओढणी नीट केली, आणि जाताना म्हणाली की भाचीच्या लेकीचे फोटो छान आलेत, मोठे करून लावा.

तिने अजून त्यांना कळवलेलं नाही. परवा भाची फोनवर म्हणाली, ती विचार करतेय म्हणे. म्हणजे दार अजून उघडं आहे, आणि त्या दारात मी उभा आहे. हे लिहून काढलं म्हणून मी तिथून हललो असं होत नाही. लिहिणं सोपं आहे, इथे समोर कोणी बसलेलं नाही.

माझ्याकडे जे देणं आहे ते असं. गाणारीच्या घरी जाऊन, तिच्या समोर बसून, तुझी गाणी मी पुसली हे तिला सांगायचं. तिने त्या लोकांना हो म्हणायच्या आत सांगायचं. मग वकिलांकडे जाऊन तेच वाक्य शपथेवर लिहून द्यायचं. नंतर भाचीला आणि बाकी दोघींना. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.